एसबीसीवरील एसआयपी प्रोफाइल: ट्रंकसाठी एक, टीम्ससाठी दुसरे

महापे, रबाळे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील ज्या कार्यालयांत पूर्वी ३० चॅनेलची पीआरआय ही डिजिटल टेलिफोन लाइन थेट ईपीएबीएक्समध्ये, म्हणजे कार्यालयाच्या अंतर्गत एक्स्चेंजमध्ये, येत असे, त्यांपैकी अनेक ठिकाणी आता दूरसंचार कंपनीची एसआयपी ट्रंक (एसआयपी या कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशपद्धतीवर चालणारी आयपी जोडणी) येते आणि ती दोन नेटवर्कांच्या सीमेवर बसणाऱ्या सेशन बॉर्डर कंट्रोलरवर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एसबीसीवर, उतरते. एसबीसीच्या दुसऱ्या अंगाला कार्यालयाचे आयपी पीबीएक्स किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्स असते. दोन्हीकडे एसआयपीच चालते, मग मध्ये इतकी खटपट कशासाठी, असा प्रश्न हे काम नव्याने हाती घेणाऱ्या अभियंत्याला पडतो. जून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ३२६१ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने एसआयपीचा पाया घातला, पण सेशन टायमर, कॉलरची खात्रीशीर ओळख, कॉल लागण्याआधीच्या उत्तरांची पोच यांसारख्या सोयी स्वतंत्र आरएफसींमधून आल्या आणि त्यांतल्या बऱ्याच ऐच्छिक राहिल्या. कोणती घ्यायची आणि कोणती सोडायची हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. त्या निवडींमधली तफावत सांभाळण्याची जागा म्हणजे एसआयपी प्रोफाइल.

निरनिराळ्या उपकरणांत या जागेचे नाव वेगळे असते. रिबनच्या छोट्या एसबीसींमध्ये ‘एसआयपी प्रोफाइल’ याच नावाचे पान असते, ऑडिओकोड्समध्ये यातला बराच भाग ‘आयपी प्रोफाइल’मध्ये सापडतो, सिस्कोच्या राउटरवर ‘व्हॉइस क्लास एसआयपी-प्रोफाइल्स’ ही आज्ञा मुख्यतः हेडर, म्हणजे संदेशातल्या माहितीच्या ओळी, बदलण्यासाठी वापरतात, तर ओरॅकलमध्ये तेच काम ‘एसआयपी मॅनिप्युलेशन’ करते. पानावरची मांडणी बदलली तरी ठरवायच्या गोष्टी त्याच राहतात, म्हणून पुढील विवेचन एका उपकरणाला बांधलेले नाही. उदाहरणासाठी महाप्यातले एक कार्यालय धरू, ज्याच्या एसबीसीवर एका बाजूने खासगी आयपी जोडणीवर यूडीपी (पोचेची हमी न देणारी वाहतूक) ५०६० या पोर्टने ट्रंक येते आणि दुसऱ्या बाजूने इंटरनेटवरून कूटबद्ध टीएलएस ५०६१ ने टीम्स जोडलेले आहे.

प्रोफाइल समोरच्याचे असते

सर्वांत आधी मनात पक्की करायची गोष्ट ही की एसबीसी आलेला संदेश नुसता पुढे ढकलत नाही. तो एका बाजूचा कॉल स्वतः स्वीकारतो आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या नावाने नवा कॉल लावतो. एका संभाषणाचे असे दोन लेग होतात आणि प्रत्येक लेगचा कॉल-आयडी, टायमर, हेडर आणि एसडीपी (आवाज कुठे व कोणत्या रूपात पाठवायचा याचे वर्णन) निराळे असतात. त्यामुळे ‘आमच्या एसबीसीचे प्रोफाइल’ असे काही नसते. असते ते ‘या ट्रंककडे तोंड असलेल्या लेगचे प्रोफाइल’ आणि ‘टीम्सकडे तोंड असलेल्या लेगचे प्रोफाइल’.

उपकरणासोबत येणारे मूळ प्रोफाइल दोन्ही बाजूंना लावून टाकण्याचा मोह होतो, कारण पहिला कॉल बहुधा त्यावरही लागतो. तरीही तसे करू नये. पुढे कधीतरी ट्रंकच्या तक्रारीसाठी एका पर्यायावरची खूण पुसली जाते आणि तिचा परिणाम टीम्सच्या बाजूला दिसतो, तोही दोन दिवसांनी, जेव्हा तो बदल कोणाच्या लक्षात राहिलेला नसतो. मूळ प्रोफाइलला हात न लावता त्याची प्रत करावी, आणि नावात समोरच्या पक्षाचा व ठिकाणाचा उल्लेख असावा, उदाहरणार्थ ‘ट्रंक-महापे-मुख्य’ आणि ‘टीम्स-महापे’. दुसऱ्या दूरसंचार कंपनीची राखीव ट्रंक असेल तर तिचे तिसरे प्रोफाइल करावे, जरी आज त्यातली प्रत्येक किंमत पहिल्यासारखीच असली तरी. ठाणे-बेलापूर रस्त्यावर खोदकामात फायबर तुटून कॉल राखीव ट्रंकवर जातात, तेव्हा तिच्यासाठी वेगळा बदल करण्याची मोकळीक हाताशी असावी लागते.

पान उघडण्यापूर्वी ट्रंक देणाऱ्या कंपनीकडून तांत्रिक माहितीचा कागद लेखी मागवावा. त्यात कोडेक (आवाज अंकांत बदलण्याच्या पद्धती) आणि त्यांचा क्रम, डीटीएमएफची, म्हणजे कॉलमध्ये दाबलेले अंक पोहोचवण्याची, पद्धत, सेशन टायमर, क्रमांकांचे रूप, कॉलरची ओळख कोणत्या हेडरमध्ये हवी, पायलट नंबर (कार्यालयाचा मुख्य क्रमांक) व डीआयडींची (बाहेरून थेट लागणाऱ्या क्रमांकांची) मालिका, ऑप्शन्स या चाचपणीच्या संदेशाला उत्तर मिळते की नाही आणि १००रेल (कॉल लागण्याआधीच्या उत्तरांची पोच) लागते की नाही, एवढे तरी असावे. कागद येईपर्यंत अंदाजाने काही भरू नये. ज्या बाबीबद्दल कागद गप्प आहे ती मूळ किमतीवर ठेवावी आणि ट्रेसमध्ये, म्हणजे संदेशांच्या नोंदीत, गरज दिसली तरच बदलावी. चालू कॉन्फिगरेशनची प्रत तारखेसह जपून ठेवणे आणि एसबीसीवर दोन्ही लेगचा ट्रेस कसा काढतात ते आधी करून पाहणे, ही दोन कामे याच टप्प्यावर उरकावीत.

सेशन टायमर

ट्रंकवर कॉल बोलता बोलता तुटतो अशी तक्रार आली की पहिला प्रश्न विचारावा: नेमका किती वेळाने तुटतो? प्रत्येक वेळी वेगळ्या क्षणी तुटत असेल तर नेटवर्ककडे पाहावे. पण बरोबर १५ मिनिटांनी किंवा बरोबर ३० मिनिटांनी तुटत असेल, तर उत्तर बहुतेक सेशन टायमरमध्ये आहे.

ही सोय एप्रिल २००५ च्या आरएफसी ४०२८ मधून आली. कॉल सुरू असताना एक बाजू ठरावीक मुदतीत ‘मी अजून इथेच आहे’ असे सांगणारा ताजेतवाना करणारा संदेश पाठवते. मुदत सेशन-एक्स्पायर्स या हेडरमध्ये सेकंदांत लिहिलेली असते, शिफारस केलेली किंमत १८०० सेकंद आहे, आणि त्याच हेडरमधील रिफ्रेशर हा शब्द ते काम कॉल लावणाऱ्याने करायचे की घेणाऱ्याने हे ठरवतो. संदेश साधारण अर्धी मुदत उलटल्यावर जातो. म्हणून १८०० सेकंदांच्या कॉलवर ९०० व्या सेकंदाला, म्हणजे पंधराव्या मिनिटाला, री-इन्व्हाइट (इन्व्हाइट हा कॉल लावणारा संदेश, चालू कॉलवर पुन्हा) किंवा अपडेट निघतो. समोरच्याने तो नाकारला किंवा त्यातला एसडीपी त्याला पटला नाही, तर कॉल तिथेच गडबडतो. तो वाटेत हरवला किंवा पाठवलाच गेला नाही, तर मुदत संपता संपता बाय हा कॉल तोडणारा संदेश येतो. पंधरा आणि तीस मिनिटांचे रहस्य एवढेच आहे.

प्रोफाइलमध्ये या संदर्भात चार बाबी असतात. टायमर वापरायचा की नाही ही पहिली. माझ्या मते ट्रंककडच्या लेगवर तो चालू असावा, कारण एखादा बाय हरवला तर तो कॉल ट्रंकवर तसाच लटकून राहतो, चॅनेल अडवतो आणि आकारणीत मोजला जाऊ शकतो. दुसरी बाब आपण सुचवायची मुदत, जी ट्रंकच्या कागदाप्रमाणे ठेवावी आणि कागदात नसेल तर १८०० ठेवावी. तिसरी म्हणजे आपण स्वीकारू ती किमान मुदत. आरएफसीने यासाठी ९० सेकंदांची खालची मर्यादा घातली आहे. समोरून आलेली मुदत आपल्या किमान मुदतीपेक्षा कमी असेल तर एसबीसी ४२२ हे उत्तर देतो आणि समोरच्याला वाढीव मुदत घालून पुन्हा इन्व्हाइट पाठवावा लागतो. ट्रेसमध्ये प्रत्येक येणाऱ्या कॉलच्या सुरुवातीला ४२२ दिसू लागला तर आपली किमान मुदत उगाच मोठी ठेवली गेली आहे असे समजावे. चौथी बाब ताजेतवाना न झाल्यास कॉल तोडायचा की नाही. ती चालू ठेवावी, नाहीतर टायमर लावण्याला अर्थ उरत नाही.

ताजेतवाना करण्यासाठी री-इन्व्हाइट की अपडेट, हाही पर्याय काही उपकरणांत मिळतो. समोरच्याच्या अलाऊ हेडरमध्ये अपडेट असेल तर तोच बरा, कारण तो एसडीपीशिवाय पाठवता येतो आणि माध्यमाची वाटाघाट पुन्हा उघडत नाही. मात्र टीम्सकडून आलेला टायमर जसाच्या तसा ट्रंककडे पाठवणारा पर्याय बंद असावा. दोन लेग, दोन टायमर, आणि दोन्ही एसबीसीने स्वतः सांभाळायचे.

बत्तीस सेकंद

दुसरा ओळखू येणारा आकडा ३२ सेकंदांचा आहे. कॉल लागतो, दोन्हीकडे आवाजही नीट येतो, आणि ३२ सेकंदांनी कॉल तुटतो. इथे बोट आरएफसी ३२६१ मधील टायमरांकडे जाते. टी१ ची, म्हणजे संदेश पुन्हा पाठवण्यापूर्वीच्या पहिल्या प्रतीक्षेची, मूळ किंमत ५०० मिलिसेकंद आहे आणि अनेक मुदती तिच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद असतात. कॉल उचलणारी बाजू २०० ओके पाठवते आणि एसीके, म्हणजे त्याची पोच, येण्याची वाट पाहते. एसीके आला नाही तर २०० ओके पुन्हा पुन्हा जातो आणि ३२ सेकंद संपल्यावर ती बाजू कॉल सोडून देते. एसीके न पोहोचण्याचे नेहमीचे कारण म्हणजे २०० ओकेमधील कॉन्टॅक्ट किंवा रेकॉर्ड-रूट हेडरमध्ये पोहोचता न येणारा पत्ता असणे, उदाहरणार्थ आतला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता. अशा वेळी टायमर वाढवणे हा उपाय नव्हे. कॉन्टॅक्टमध्ये त्या त्या बाजूच्या इंटरफेसचा पत्ता जातो आहे ना, हे पाहावे.

टी१, टी२ आणि टी४ यांच्या मूळ किमती अनुक्रमे ५०० मिलिसेकंद, ४ सेकंद आणि ५ सेकंद आहेत आणि नवी मुंबईतल्या कार्यालयातून मुंबईतल्या एखाद्या स्विचपर्यंतच्या जोडणीला त्या बदलण्याचे काहीही कारण नसते. ट्रंक संथ वाटते म्हणून टी१ वाढवला तर हरवलेला संदेश पुन्हा पाठवायलाही उशीर लागतो आणि ट्रंक आणखी संथ वाटते.

बदलण्याजोगी किंमत एकच, ती म्हणजे इन्व्हाइटला काहीच उत्तर न आल्यास किती वेळ थांबायचे. यूडीपीवर अनुत्तरित इन्व्हाइट ०.५, १.५, ३.५, ७.५, १५.५ आणि ३१.५ व्या सेकंदाला पुन्हा जातो, म्हणजे पहिला धरून सात वेळा, आणि ३२ व्या सेकंदाला एसबीसी हार मानतो. मुख्य ट्रंक बंद असताना फोन लावणारा माणूस एवढा वेळ शांतता ऐकत बसणार नाही. तो फोन ठेवून देईल आणि राखीव ट्रंक कधी वापरलीच जाणार नाही. म्हणून ही मुदत ४ सेकंदांच्या आसपास आणावी, त्यात इन्व्हाइट चार वेळा जातो आणि निरोगी जोडणीवर तेवढे पुरते. समोरून १०० ट्राइंग (प्रयत्न चालू आहे) हे उत्तर आले की ही मुदत थांबते, त्यामुळे ती कमी केल्याने फोनची रिंग लवकर बंद होईल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याच्या जोडीला ट्रंककडे ठरावीक अंतराने ऑप्शन्स पाठवून तिची नाडी पाहत राहावे, म्हणजे ती बंद असल्याचे कॉल लावण्याआधीच कळते. ऑप्शन्सला ४०५ किंवा ४०४ असे उत्तर आले तरी समोरचा जिवंत आहे एवढे कळतेच, म्हणून शक्य असेल तिथे ही उत्तरे चालू असल्याची खूण मानावीत.

कोणत्या उत्तरावर कॉल राखीव ट्रंकवर वळवायचा हेही इथेच लक्षात घ्यावे. ५०३ (सेवा उपलब्ध नाही) आले किंवा मुदत संपली तर वळवावा. ४८६ म्हणजे समोरचा माणूस खरोखर दुसऱ्या फोनवर आहे, आणि ४०४ म्हणजे क्रमांक अस्तित्वात नाही. या दोन्हींवर वळवले तर तोच कॉल दुसऱ्या कंपनीच्या ट्रंकवरून पुन्हा लागतो आणि तेच उत्तर उशिरा मिळते.

ओळख आणि हेडर

टीम्सकडच्या प्रोफाइलमध्ये एक गोष्ट अनिवार्य आहे: कॉन्टॅक्ट हेडरमध्ये आयपी पत्ता न जाता एसबीसीचे पूर्ण डोमेन नाव जायला हवे, आणि तेच नाव सार्वजनिक प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रातही असायला हवे. ऑप्शन्स संदेशालाही हाच नियम लागू आहे. आयपी पत्ता गेला तर टीम्स कॉल नाकारते. ट्रंककडच्या प्रोफाइलमध्ये मात्र याच्या उलट, बहुधा त्या इंटरफेसचा आयपी पत्ताच लागतो. एकच प्रोफाइल दोन्हीकडे चालणार नाही याचे हे सर्वांत ठळक उदाहरण.

बाहेर जाणाऱ्या कॉलवर कोणता क्रमांक दिसतो, हा विषय अधिक काळजीने हाताळावा लागतो. कॉल लावणाऱ्याची ओळख फ्रॉम हेडरमध्येही असते आणि पी-असर्टेड-आयडेंटिटीमध्येही. दुसरा हेडर नोव्हेंबर २००२ च्या आरएफसी ३३२५ मधला असून तो फक्त एकमेकांवर विश्वास असलेल्या नेटवर्कांमध्येच पाठवायचा असतो. ट्रंक देणारी कंपनी यांतले काय पाहते ते कागदावरून ठरवावे. पी-असर्टेड-आयडेंटिटी पाहत असेल तर प्रोफाइलमध्ये तो पाठवण्याची आणि त्या बाजूला विश्वासार्ह मानण्याची खूण करावी. इंटरनेटकडे उघड्या असलेल्या कोणत्याही बाजूने येणाऱ्या पी-असर्टेड-आयडेंटिटीवर विसंबू नये.

खरी अडचण वळवलेल्या कॉलवर येते. एखाद्या ग्राहकाने मोबाइलवरून कार्यालयाच्या ०२२ च्या क्रमांकावर फोन केला आणि तिथल्या कर्मचाऱ्याने तो आपल्या मोबाइलकडे वळवून ठेवला असेल, तर ट्रंकवर बाहेर पडणाऱ्या इन्व्हाइटच्या फ्रॉममध्ये ग्राहकाचा क्रमांक असतो. तो क्रमांक आपल्या डीआयडी मालिकेतला नसल्याने ट्रंक ४०३ देऊन कॉल नाकारते, आणि तसे करणे तिच्या दृष्टीने रास्तच आहे. उपाय दोन आहेत. कंपनी मान्य करत असेल तर ग्राहकाचा क्रमांक फ्रॉममध्ये ठेवून, कॉल कोणी वळवला ते सांगणाऱ्या डायव्हर्जन हेडरमध्ये किंवा पी-असर्टेड-आयडेंटिटीमध्ये आपला डीआयडी पाठवावा. नाहीतर फ्रॉममध्येच पायलट नंबर घालावा आणि मोबाइलवर ग्राहकाचा क्रमांक दिसणार नाही हे कर्मचाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. आपल्या मालकीचा नसलेला क्रमांक ट्रंकला पटवण्यासाठी हेडरची तिसरी काही जुळवाजुळव करू नये. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने दूरसंचार ओळखीत फेरफार करणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि प्रोफाइलमधल्या एका ओळीने तो घडू शकतो याचे भान कॉन्फिगरेशन करणाऱ्याने ठेवलेच पाहिजे.

क्रमांकांचे रूप बदलण्याचे नियम प्रोफाइलमध्ये न घालता मार्ग ठरवणाऱ्या तक्त्यात घालावेत, असे माझे ठाम मत आहे. टीम्स क्रमांक अधिक चिन्ह आणि ९१ लावून पाठवते. ट्रंकला कधी नुसते दहा अंक हवे असतात, कधी शून्यासह. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई यांचा ०२२ हा एकच एसटीडी कोड असल्याने महाप्यातून वागळे इस्टेटला फोन लावताना आठच अंक दाबण्याची लोकांना सवय असते, तर १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य दाबावे लागते. एवढे प्रकार हेडर बदलणाऱ्या नियमांत कोंबले तर ते वाचणे अशक्य होते. आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, सरसकट लिहिलेला एखादा नियम ११२ च्या पुढेही शून्य किंवा ९१ लावून बसतो. ११२, १०० आणि १०१ यांसाठी सर्वांत वर, कोणताही बदल न करणारी स्वतंत्र ओळ असावी.

यूझर-एजंट आणि सर्व्हर हेडरमधून उपकरणाचे मॉडेल आणि आवृत्ती बाहेर जाते. इंटरनेटकडच्या बाजूला तिथे साधे नाव ठेवावे.

एसडीपी, आवाज आणि कॉल लागण्याआधीचा आवाज

भारतात टेलिफोन नेटवर्क जी.७११ चा ए-लॉ प्रकार वापरते, म्हणून ट्रंककडच्या लेगवर ए-लॉ पहिला असावा आणि २० मिलिसेकंदांचे पॅकेट ठेवावे. इथरनेटच्या वरच्या भारासह अशा एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे जुन्या पीआरआयइतके ३० कॉल एकाच वेळी चालवायचे तर दोन्ही दिशांना २.६ एमबीपीएस राखीव हवेत. जोडणी अपुरी असेल तरच जी.७२९ चा विचार करावा, कारण दोन लेगवर वेगळे कोडेक झाले की एसबीसीला रूपांतर करावे लागते आणि त्याची क्षमता मर्यादित असते. टीम्सच्या बाजूला माध्यम एसआरटीपीने कूटबद्ध जाते आणि ट्रंकच्या बाजूला बहुधा साध्या आरटीपीने. हा फरक माध्यमाच्या प्रोफाइलमध्ये असतो, पण एसडीपीची किल्लीची ओळ चुकून ट्रंककडे जात नाही ना, हे ट्रेसमध्ये पाहून घ्यावे.

जोडणीचा पत्ता एसडीपीच्या सुरुवातीला असावा की प्रत्येक माध्यमाच्या भागात, हा पर्याय क्षुल्लक वाटतो, पण काही जुने स्विच फक्त एकच जागा वाचतात आणि मग आवाज एकाच बाजूला येतो. एसडीपीशिवाय आलेल्या इन्व्हाइटलाही ट्रंक नकार देऊ शकते. अशा वेळी एसबीसीने स्वतः एसडीपी घालून पाठवण्याची सोय चालू करावी.

डीटीएमएफसाठी आरएफसी ४७३३ ची, म्हणजे अंक स्वतंत्र पॅकेटांतून पाठवण्याची, पद्धत निवडावी. ती २००६ मध्ये आली आणि तिने २८३३ ची जागा घेतली, तरी उपकरणांच्या पानांवर अजून जुनाच आकडा दिसतो. पेलोड क्रमांक बहुधा १०१ असतो, ट्रंकचा वेगळा असेल तर तो त्या लेगपुरता बदलावा. बँकेच्या स्वयंचलित आवाजात एकदा दाबलेला अंक दोनदा नोंदला जात असेल, तर तोच अंक आवाजातूनही आणि स्वतंत्र पॅकेटातूनही जातो आहे असे समजून एक वाट बंद करावी.

कॉल उचलला जाण्यापूर्वीचा आवाज आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण कॉलर ट्यून आणि ‘हा क्रमांक सध्या बंद आहे’ अशा उद्घोषणा याच काळात येतात. १८० हा ‘रिंग वाजते आहे’ असे सांगणारा संदेश एसडीपीशिवाय आला तर एसबीसीने किंवा फोनने स्वतः रिंग वाजवायची असते. १८३ हा कॉलची प्रगती सांगणारा संदेश एसडीपीसह आला तर नेटवर्ककडून येणारा आवाज ऐकवायचा असतो. प्रोफाइलमध्ये सरसकट स्थानिक रिंग लावली तर बंद मोबाइलला फोन करणाऱ्याला उद्घोषणेऐवजी रिंग ऐकू येते, तो वाट पाहत राहतो आणि तक्रार ‘समोरचे उचलत नाहीत’ अशी येते. म्हणून १८३ मधला आवाज पुढे जाऊ द्यावा आणि तो नसेल तेव्हाच स्थानिक रिंग वाजवावी.

याच्याशी जोडलेला पर्याय म्हणजे १००रेल, ज्यामुळे १८० किंवा १८३ ची पोच प्रॅक या संदेशाने दिली जाते. तो ‘समर्थित’ या स्वरूपात ठेवावा, ‘आवश्यक’ या स्वरूपात नाही. आवश्यक म्हटले आणि समोरच्याला ती सोय माहीत नसली, तर ४२० हे उत्तर येऊन कॉल सुरुवातीलाच पडतो.

संदेश फुगला की

काही कॉल लागतात आणि काही, विशेषतः वळवलेले, शांतपणे हरवतात, अशी तक्रार आली तर इन्व्हाइटचा आकार पाहावा. आरएफसी ३२६१ नुसार वाटेतली एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) माहीत नसताना १३०० बाइटांहून मोठी विनंती यूडीपीवर पाठवायची नसते, तिच्यासाठी टीसीपीसारखे साधन घ्यायचे असते. प्रत्यक्षात आपण सहा कोडेक, डायव्हर्जन, पी-असर्टेड-आयडेंटिटी आणि दोन-तीन कंपनी-विशिष्ट हेडर घालून इन्व्हाइट १५०० च्या पुढे नेतो. मग आयपी पातळीवर त्याचे तुकडे होतात, मधला एखादा फायरवॉल दुसरा तुकडा टाकून देतो, आणि ट्रंकला संदेश मिळतच नाही. वळवलेल्या कॉलवर डायव्हर्जनची एक ओळ जास्त असते, म्हणून नेमका तोच पडतो. ट्रंककडच्या प्रोफाइलमधून टीम्सचे निरुपयोगी हेडर काढून टाकावेत आणि कोडेक दोनवर आणावेत. तेवढ्याने भागले नाही तर ट्रंक टीसीपीवर नेण्याची विनंती कंपनीकडे करावी.

लावणे आणि तपासणे

प्रोफाइल तयार झाले की ते ट्रंकच्या सिग्नलिंग गटाला जोडावे लागते. नुसते जतन केल्याने काही होत नाही आणि काही उपकरणांत जोडताना तो गट क्षणभर बंदही होतो, म्हणून हे काम कार्यालय सुटल्यावर करावे. एका वेळी एकच किंमत बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर दोन्ही लेगचा ट्रेस जपून ठेवावा.

चाचणीची सुरुवात मोबाइलला आणि ०२२ च्या लँडलाइनला कॉल लावून, मग दोन्हींकडून कॉल घेऊन करावी. त्यानंतर मुद्दाम बंद ठेवलेल्या मोबाइलला फोन करून उद्घोषणा ऐकू येते का ते पाहावे, व्यस्त क्रमांकाला लावून ४८६ टीम्सपर्यंत तसाच पोहोचतो का ते तपासावे, आणि एखाद्या स्वयंचलित सेवेत अंक दाबून पाहावेत. कॉल होल्डवर ठेवून परत घ्यावा आणि तिसऱ्याकडे हस्तांतरित करावा. टीम्स हस्तांतरणासाठी रेफर पाठवू शकते आणि ट्रंका बहुधा रेफर स्वीकारत नाहीत, म्हणून तो एसबीसीनेच हाताळून ट्रंककडे री-इन्व्हाइट पाठवला पाहिजे. एक कॉल बाहेरच्या दिशेने आणि एक आतल्या दिशेने किमान ३५ मिनिटे चालू ठेवावा, म्हणजे टायमरचा ताजेतवाना करणारा संदेश दोन्ही दिशांनी जातो आणि तीस मिनिटांची मर्यादाही ओलांडली जाते. हा कंटाळवाणा भाग बहुतेकदा वगळला जातो आणि पुढच्या तक्रारी नेमक्या तिथूनच येतात. ११२ ला चाचणीसाठी फोन लावून आपत्कालीन यंत्रणेची ओळ अडवू नये. क्रमांक कसा बदलेल आणि कोणत्या मार्गाने जाईल हे एसबीसीच्या मार्ग-चाचणीच्या साधनातून पाहावे.

शेवटी मुख्य ट्रंकची केबल काढून राखीव ट्रंकवर कॉल किती सेकंदांत लागतो ते मोजावे. केबल परत जोडल्यावर ऑप्शन्सला उत्तर येऊ लागते आणि नवे कॉल मुख्य ट्रंकवर परततात, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. फर्मवेअर अद्ययावत केल्यानंतर ही सगळी चाचणी पुन्हा करावी आणि नव्या आवृत्तीतील मूळ प्रोफाइलची आपल्या दोन्ही प्रोफाइलशी ओळीगणिक तुलना करावी, कारण नव्याने आलेल्या पर्यायांच्या मूळ किमती आपल्या प्रतींमध्येही आपोआप शिरलेल्या असतात.